सातपुडा अकरा चहाला

शालिग्रामशेठनं धंदा सोडला त्या दिवशी जळगाव जामोदच्या बैलबाजारात कितीतरी व्यापाऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि घरी अन्नपूर्णाबाईनं पुरणाचा स्वयंपाक केला. महिनाभरात ती म्हणायला लागली, पुरण शिजवायची जरा घाईच झाली.

माणूस मात्र मोठा करामती. बापानं मागं ठेवलेला एक मारका बैल विकून त्यानं सुरुवात केली. विकताना बैल मारका आहे हे आपण स्पष्ट सांगितलं होतं असं तो अजून छातीवर हात ठेवून सांगतो. घेणाऱ्याचं म्हणणं वेगळं आहे. मग तो सातपुड्याचा घाट चढून निमाडात जायला लागला. तिकडचे तांबडे, उंचेपुरे बैल खाली आणायचे आणि जळगावपासून मेहकरापर्यंत बाजार गाठत विकायचे, असा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम. त्यातून पक्कं घर झालं, संत्र्याची बाग झाली, विहिरीवर तेलाचं इंजिन बसलं. नवं महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि शेतकरी इंजिनं मागत होते, म्हणून थोरल्या मुलानं, हिंमतरावनं, इंजिनांचं दुकानच टाकलं. त्या दुकानात भाव छापलेला असे. गिऱ्हाईक यायचं, भाव वाचायचं, पैसे मोजायचं आणि जायचं. शालिग्राम पहिल्या दिवशी दुकानात बसला आणि दुपारी डोकं धरून घरी आला.

"हा धंदा हाये?" तो बायकोला म्हणाला. "अवो, माणूस आला कवा, गेला कवा, समजतबी नाई. त्याच्यापरीस पोस्टाची पेटी बरी."

बैलाचा सौदा कसा होतो हे ज्यानं पाहिलं नाही त्याला हे दुःख कळायचं नाही. बैलाचा भाव तोंडानं सांगायचा नसतो. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात हातात घेतात, वर खांद्यावरचा दुपट्टा टाकतात आणि आत बोटं दाबून आकडे सांगतात. तोंडानं पावसापाण्याच्या गोष्टी चालू ठेवायच्या, पोरीचं लग्न जमलं का विचारायचं. खरं बोलणं आत चाललेलं असतं. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच ठाऊक. शालिग्रामची बोटं या कामात अशी तयार झाली होती की समोरच्याचा अंगठा थरथरला तर त्याची बायको माहेरी आहे की घरी, एवढं तो ओळखायचा. निदान तसं तो म्हणायचा.

त्याचा भागीदार वरवट बकालचा पुंजाजी. एकाच्या हातचं पाणी दुसऱ्याला चालत नव्हतं त्या दिवसांतही दुपट्ट्याखाली बोटं सगळ्यांची चालत. बोटं चालतात तर माणूस का चालू नये, असं शालिग्रामनं तरुणपणीच विचारलं आणि पुंजाजीला अर्धा हिस्सा दिला. गावानं थोडे दिवस नाकं मुरडली, मग नाकं दुखायला लागली तशी सोडून दिली. घाटातून गुरं उतरवावीत ती पुंजाजीनंच. धंदा बंद झाल्यावर पुंजाजी आपल्या मळ्यात मिरच्या लावून बसला. शालिग्रामला मात्र बसता येईना.

धंदा सोडला तो अन्नपूर्णाबाईमुळे. पैसा पुरे झाला, पोरं हाताशी आली, तेव्हा एका संध्याकाळी ती त्याच्यासमोर बसली. बैलांची खरी विक्री पोळ्याच्या आधी आणि पोळ्याच्या दिवशीही; त्यामुळे लग्न झाल्यापासून शालिग्राम एकाही पोळ्याला घरी नव्हता. गावातल्या साऱ्या घरांपुढं त्या दिवशी बैल आणि धनी दोन्ही उभे असायचे. तालुक्यातल्या सर्वांत मोठ्या बैलव्यापाऱ्याच्या दारात दोन्ही नसायचे. मातीच्या बैलाची पूजा करून ती एकटीच नैवेद्य दाखवायची. हिंमतराव लहानपणी तापानं फणफणला तोही पोळाच होता. हे सगळं तिनं त्या संध्याकाळी फार थोडक्यात सांगितलं आणि म्हणाली, "आता माह्या गळ्याची शप्पथ घ्या. धंद्यासाठी दुपट्ट्याखाली हात घालाचा नाई."

शालिग्रामनं शपथ घेतली. मनापासून घेतली. अडचण एवढीच झाली की हात थांबला, पण बोटं थांबायला तयार होईनात.

पहिल्यांदा तो भजनी मंडळात गेला. बुवांनी त्याच्या हातात टाळ दिले आणि सांगितलं, आता सात कडव्यांचं भजन घेऊ. शालिग्राम म्हणाला, चार घ्या. बुवा गोंधळले. म्हणाले, शेठ, असं कमी करता येत नाही. शालिग्राम उठून निघाला, दारापर्यंत गेला, मागं वळून पाहिलं, बाजाराची रीतच ती. बुवा घाबरून म्हणाले, बरं, पाच. भजन पाच कडव्यांत आटोपलं आणि शालिग्रामला त्या रात्री फार छान झोप लागली. दुसऱ्या आठवड्यात मंडळानं भजनाची जागा बदलली आणि त्याला कळवायचं विसरलं.

मग भाचीसाठी मुलगा पाहायला त्याला नेलं. मुलगा शिकलेला, तलाठ्याच्या कचेरीत लागलेला. सगळे पोहे खात असताना शालिग्राम म्हणाला, "बाबू, जरा अंगनातून चालून दाखव." मुलगा बिचारा उठून चालला. शालिग्राम त्याच्या मागच्या टाचेकडे बघत होता. लग्न जमलं, पण त्या घरी शालिग्रामला पुढं कुणी बोलावलं नाही.

हेडमास्तर शाळेसाठी दोन खोल्या मागायला आले. शालिग्रामच्या अंगात उत्साह संचारला. एकच देतो म्हणाला. हेडमास्तरांनी लगेच हात जोडले, आभार मानले आणि चहाही न घेता निघाले. शालिग्राम त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. थोड्या वेळानं चपला घालून त्यांच्या मागं धावला आणि दुसऱ्या खोलीचंही कबूल करून आला. घरी येऊन मात्र खिन्न बसला. "एकदा तं नाई म्हनाचं होतं मास्तरनं," तो बायकोला म्हणाला. "दोन खोल्या गेल्या, अन् मजा काडीची नाई."

दारावर भाजी घेऊन येणाऱ्या सोजराबाईचे हाल तर विचारू नका. वांग्यांच्या एका वाट्यासाठी तो तिला ऊन डोक्यावर येईपर्यंत बसवून ठेवी, रडकुंडीला आणी आणि शेवटी तिनं मागितलं होतं त्याहून जास्त हातावर ठेवी. सोजराबाईला पैसे आवडत, पण बाकीच्या घरची वांगी सुकत. ती मागच्या दारानं यायला लागली. शालिग्राम मागच्या दारी जाऊन बसला. शेवटी अन्नपूर्णाबाईनं सांगून टाकलं, "तुमी कोठंबी जा, पन सैपाकाच्या येळी घरात थांबू नका." तिच्या या वाक्यानं शालिग्रामला लागलं. घरी राहा म्हणून शपथ घातली आणि आता घरात नको, म्हणजे माणसानं जायचं कुठं?

तो बाजाराच्या दिवशी बैलबाजाराबाहेरच्या पुलाच्या कठड्यावर जाऊन बसायला लागला. आत पाऊल टाकायचं नाही, नुसतं बघायचं. लांबून दुपट्टे हलताना दिसत आणि त्याची बोटं मांडीवर आपोआप दाबली जात. तिथं एकदा मिरच्या विकून परत निघालेला पुंजाजी आला.

"काय बे शालिक, बोटं खाजून राह्यली काय?"

"हाव रे बाबा. झोपेतबी दाबून राह्यलो. काल सपनात एका रेड्याचा भाव केला."

पुंजाजी शेजारी बसला. बिडी पेटवली. बिडीनंच उत्तरेकडे खूण केली. मग म्हणाला, "धंदा कराची बंदी हाये न? धंदा नको करू. तो पाह्य समोर सातपुडा. देतं काय?"

"कोनता सातपुडा?"

"आता किती सातपुडे हायेत तुह्यापाशी? तोच. निळा. बोल."

शालिग्रामनं पुंजाजीकडे पाहिलं, सातपुड्याकडे पाहिलं. पुंजाजीनं दुपट्टा पसरला. शालिग्रामचा हात आत गेला तेव्हा, खोटं कशाला सांगा, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. भाव रुपयांत करायचा नाही हे पुंजाजीनंच ठरवलं. रुपये आले की धंदा झाला. भाव चहात. शालिग्रामनं पन्नास दाबले. पुंजाजीनं हात झटकला, डोंगराला वय झालं म्हणाला, पाठीवर झाडं कमी झालीत म्हणाला, पावसाळ्यात गळतो म्हणाला. शालिग्रामनं घाटाची वळणं मोजून दाखवली. उन्हं कलली तेव्हा सातपुडा अकरा चहाला गेला. अस्वलं विकणाऱ्याकडं राहतील आणि मोहाची फुलं घेणाऱ्याला, अशी अट पडली. दोघं हॉटेलात गेले आणि पुंजाजीनं पहिला चहा तिथंच चुकता केला.

त्यानंतर दर बाजारी कठड्यावर सौदे व्हायला लागले. खामगावची एस. टी. विकली गेली, तिच्या धुरासकट. तहसीलदाराची मिशी विकली गेली. ती उजवीकडून विरळ आहे या कारणावरून भाव पडला. मागच्या वर्षीची थंडी, पाटलाचं घोरणं, एका वकिलाचं इंग्रजी, सगळ्यांना गिऱ्हाईक मिळालं. दहा-बारा रिकामी माणसं भोवती बसून आतला भाव काय चालला असेल याच्यावर पैजा लावू लागली. हे काम शालिग्रामनं आयुष्यभर केलं होतं, पण त्यात कुणी फसलं नाही, कुणी हरलं नाही आणि शेवटी सगळे हसले, असं पहिल्यांदाच होत होतं. तो घरी येई तो शीळ वाजवत. दोनाच्या जागी तीन भाकरी खाई. सोजराबाई पुन्हा पुढच्या दारानं यायला लागली.

अन्नपूर्णाबाई समाधानानं बघत होती. कुठं जाता हे तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. सांगायचं काय? साठीला आलेला माणूस डोंगर विकत बसतो, हे बायकोला कोणत्या तोंडानं सांगावं? इथंच तो चुकला.

पोळा पंधरा दिवसांवर आला. बाजार फुगला होता. जागा नव्हती म्हणून रंगराव नावाच्या एका शेतकऱ्यानं आपली पांढरी जोडी पुलाजवळच्या निंबाला आणून बांधली, बरोबर शालिग्रामच्या पाठीमागं. त्या दिवशी सौदा फार मोठ्या मालाचा होता. पुंजाजीची बायको केसरबाई कधीच रागावत नाही, त्यामुळे घर कसं आळणी वाटतं, अशी पुंजाजीची तक्रार होती. म्हणून तो अन्नपूर्णाबाईचा राग विकत मागत होता. वीस चहांपासून सुरू झालं ते चाळीसवर गेलं. शालिग्राम हूं की चूं करीना. त्याचा चेहरा इतका गंभीर झाला होता की भोवतालची माणसंही गप्प झाली.

निमाडचे दोन व्यापारी रस्त्यानं चालले होते. त्यांनी पाहिलं: शालिग्रामशेठ, हात दुपट्ट्याखाली, तोंड असं, आणि मागं पांढरी जोडी. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि धावत जाऊन रंगरावचा हात धरला. त्यांना पाहून तिसरा धावला. अर्ध्या तासात त्या जोडीला असा भाव आला की रंगराव मटकन खालीच बसला. आजूबाजूच्या जोड्यांचेही भाव चढले. सगळ्या बाजारात बोभाटा झाला की शालिग्रामशेठ परत उतरला.

शालिग्राम तेव्हा हॉटेलात चहा पीत होता. रंगराव मात्र पेढ्यांचा पुडा घेऊन थेट त्याच्या घरी गेला, अन्नपूर्णाबाईला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मावशी, शेठजीनं दुपट्ट्यात हात घातला अन् माह्यं भाग्य उजळलं. देव त्याइले अशीच बुद्धी देवो."

शालिग्राम शीळ वाजवत आला तर पेढ्यांचा पुडा उंबऱ्यावर तसाच बांधलेला.

"हात घातला काय?" तिनं विचारलं.

"घातला. पन तो धंदा नव्हता."

"मंग काय होतं?"

"अवो, आमी तं सातपुडा इकून राह्यलो होतो. मांगं एका बाजारी. मंग एस. टी. इकली."

"इतकी वर्सं वाट पाह्यली," ती म्हणाली, "अन् आता वरतून याडीबी समजता मले?" मग ती आत भांडी लावायला गेली. तिचा राग त्याला ठाऊक होता, भांड्यांचा आवाज करणारा, शेजारपर्यंत जाणारा. हा तो नव्हता. भांडी अगदी हळू ठेवली जात होती.

सकाळी तिनं पिशवी भरली आणि एस. टी. स्टँडवर जाऊन बसली. खामगावची गाडी धरायची, तिथून मेहकर. मेहकरला भाऊ होता. निघताना हिंमतरावनं विचारलं, कधी येणार. तिनं त्याला दुकान उघडायला पाठवलं. शालिग्राम घरात एक चक्कर मारून आला, मग दुसरी, आणि सायकलवर एक माणूस वरवटला पिटाळून स्वतः स्टँडवर गेला. बाकावर तिच्यापासून हातभर अंतर ठेवून बसला. भर स्टँडवर नवरा-बायकोनं त्याहून जवळ बसायची रीत नव्हती.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुठं गाडी लागली. कंडक्टर पान खात होता. माणसं चढत होती. तेवढ्यात पुंजाजी धापा टाकत आला, सायकल आडवी टाकतच.

"जयभीम, वहिनी. सातपुडा म्या घेतला हो. खरं सांगतो. अकरा चहाले. सात अजून माह्याकडं बाकी हायेत, इचारा हॉटेलवाल्याले."

रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "खरं हाये बाई, म्या पाह्यला सौदा. अस्वलं इकली नाईत." दुसरा म्हणाला, "मले तं मिशी घ्याची होती, पन पुंजाजीनं वढली." सगळा स्टँड बोलायला लागला. अन्नपूर्णाबाईच्या ओठांचा कोपरा हलला, पण तिनं तो पदरानं झाकला.

"बरं," ती म्हणाली. "मंग काल कायचा सौदा होता?"

पुंजाजीनं आभाळाकडं पाहिलं. पाऊस येतो काय, असं काहीतरी पुटपुटला. शालिग्रामनं चपलेचा अंगठा कुरवाळला. आयुष्यात इतक्या बैलांची वयं त्यानं चोरली, पण आता चोरायची सोय नव्हती.

"तुह्या रागाचा," तो म्हणाला.

हसण्याचा असा कल्लोळ झाला की कंडक्टरच्या तोंडातलं पान बाहेर पडलं.

"किती आला?" तिनं विचारलं. ती हसली नव्हती.

"चाळीसपरेंत चढला होता पुंजाजी. म्या देल्ला नाई."

"काऊन?"

"इकाले ठेवलाच नव्हता म्या. उगंच पाहून राह्यलो, किती चढतो." त्यानं दुपट्टा सारखा केला. "त्याच्याबिगर घरी आल्यासारखं वाटत नाई मले."

तिनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग तिनं हात पुढं केला. "आना तो दुपट्टा."

शालिग्रामला आधी कळलंच नाही. मग त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून दोघांच्या मधल्या जागेवर पसरला. तिचा हात खाली गेला. रांगेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. पुंजाजीनं मात्र पाठ फिरवली आणि बाकीच्यांनाही फिरवायला लावली.

"मलेबी काई इकाचं हाये," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमी नव्हते ते सारे पोळे. एकगठ्ठा देते. चहात चालन, कायच्यातबी चालन. बोला भाव."

शालिग्रामनं तिचा हात धरला. बैलाच्या कातडीवरून तो त्याचं गाव सांगायचा, आणि हा तळवा इतका खरखरीत आहे हे त्याला आज कळत होतं. करंगळीजवळ भाजल्याची जुनी खूण होती. ती कोणत्या वर्षाची, कशानं झाली, त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं पहिलं बोट दाबायला घेतलं आणि सोडून दिलं. दुसरं धरलं, तेही दाबवेना. कंडक्टरनं घंटी वाजवली आणि खिडकीतून ओरडला, "बाई, येता काय?"

"सौदा चालू हाये, दिसत नाई काय?" अन्नपूर्णाबाई म्हणाली.

गाडी धूर सोडत गेली. स्टँड रिकामा झाला.

"हिंमतच्या माय," तो म्हणाला, "ह्याचा भाव नाई करता येत मले."

"मंग बसा," ती म्हणाली, हात न काढता. "करता येईस्तोवर बसा असेच."